बाभळीचा दांडा

वऱ्हाडात लोखंड बापाकडून पोराकडे येतं. लाकूड ज्याचं त्यानं पाहायचं असतं. कुऱ्हाड, कुदळ, विळा, वखराची पास, यांचं पोलाद घासून अर्ध्यावर आलं तरी घरात राहतं. दांडा मात्र फुटला की नवा. पेरणीच्या तोंडावर गावच्या सुताराकडे बाभळीचे ओंडके येऊन पडत, वाकसाने ढलप्या उडत, आणि सालभराचं बलुतं म्हणून खळ्यावरून त्याच्या घरी ज्वारी जाई. आबाजींची म्हणून जी कुऱ्हाड आमच्याकडे अजून आहे, तिच्या आत्ताच्या दांड्याला आबाजींचा हात कधी लागलेला नाही. तरी ती आबाजींचीच. यात काही चुकतंय असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही.

शहरात आल्यावर वेगळी माणसं भेटली. अमरावतीत माझे एक स्नेही आहेत. जुने दिवे, अडकित्ते, घड्याळं जमवतात. त्यांच्या लेखी वस्तूची सगळी किंमत तिच्या मूळ असण्यात. एक स्क्रू बदलला की वस्तू बाटली. त्यांच्या कपाटातलं एकही घड्याळ चालत नाही, कारण चालवायचं तर त्यात नवा भाग घालावा लागेल. या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण त्या कपाटासमोर फार वेळ बसवत नाही.

कुऱ्हाडीचं घर आणि घड्याळांचं कपाट, या दोहोंच्या कात्रीत सापडलं ते आजोबांचं दाढीचं मशीन.

हे आजोबा म्हणजे आईचे वडील. मूर्तिजापूरच्या एका जिनात ते मापारी होते. दिवाळीपासून होळीपर्यंत जिन चाले तेव्हा हवेत रुईचे तंतू तरंगत, आणि खुंट वाढलेल्या गालावर ते असे बसत की तिशीतला गडी संध्याकाळी साठीचा होऊन घरी येई. म्हणून आजोबा रोज दाढी करत. रोज, आणि स्वतःच्या हाताने! खेड्यातला माणूस तेव्हा आठवड्याला, पंधरवड्याला म्हालीबुवांची, म्हणजे न्हाव्याची, वाट पाही. धोकटी घेऊन ते निंबाखाली बसले की एकेक जण समोर उकिडवा बसून मान त्यांच्या हवाली करी. आरशात पाहून स्वतःचा गाल स्वतः तासणारा माणूस लोकांना जरा शिष्टच वाटत असणार.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं आजोळचं घर पाडायला काढलं तेव्हा मामांनी एक बेकेलाइटची डबी माझ्या हातात ठेवली. "घ्या भाचेबुवा, बुढ्याचं मशीन. दांडा काई धड नाई त्याचा. अन् तसाई तो बुढ्यानंच केला व्हता."

डबीत तीन वस्तू होत्या. एक बाकदार टोपी, तिच्या पोटातून निघालेला आट्यांचा छोटा खिळा. एक खालची पट्टी, कडेला साबण वाहून जायला खाचा असलेली, आणि आतल्या बाजूला जिलेट व मेड इन इंग्लंड ही अक्षरं. तिसरं वेळूचं एक पेर. पेराच्या तोंडाशी तांब्याची तार दाट गुंडाळलेली, आत लाखेत बसवलेला एक पितळी नट. मूळचा दांडा कधीतरी गेला असणार. या रेझरांचे दांडे बहुधा पोकळ पितळी नळीचे असत, आणि कुणी जोर लावून आवळलं की नळी उभी चिरते. मामा म्हणतात नट रेडिओतला. ते खरं असावं, कारण इंग्रजी धाटणीच्या विजेच्या आणि रेडिओच्या सामानात टू-बीए नावाचा नट सर्रास असे. तो या खिळ्याच्या अगदी जवळपासच्या मापाचा, पण किंचित लहान. आजोबांनी तो जबरदस्तीने चढवला होता. खिळ्याच्या टोकाचे दोन-तीन आटे चावल्यासारखे दिसत होते. वेळू आता उभा फाटला होता आणि नट आतल्या आत गरगर फिरे.

स्नेह्यांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "याला हात लावू नका. हा फाटका वेळू हाच इतिहास आहे."

इतिहास होता, खरंच. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याने फेकून देण्याजोगं पातळ पातं असलेला वस्तरा काढायचं मनावर घेतलं, १९०१ साली बोस्टनला कंपनी निघाली, आणि विल्यम निकरसन या इंजिनिअरने कागदासारख्या पोलादाला पाणी कसं द्यायचं ते सोडवलं. १९०३ साली विकले गेले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना ३५ लाख रेझर दिले. तेव्हापासून स्वतःची दाढी स्वतः करणं ही जगभरच्या पुरुषांची सवय होत गेली. आजोबांकडचं डोकं 'टेक' जातीचं, १९३०च्या दशकाच्या अखेरीस निघालेलं. गंमत अशी की जिलेटचा सगळा धंदा फेकून देण्याच्या पात्यावर उभा, आणि त्यानेच बनवलेलं डोकं मात्र फेकवत नाही. अकोल्याच्या कुठल्याही किराणा दुकानात आज मिळणारं, चहाच्या कटाहून स्वस्त ब्लेड त्यात तंतोतंत बसतं.

पण या तीन तुकड्यांचा आमच्या मुलखातला इतिहास बोस्टनपेक्षा मला जास्त विचारात पाडतो. दाढी हा इथे कधीच नुसता गालाचा प्रश्न नव्हता. कुणाची करायची आणि कुणाची नाही, हे गाव ठरवी. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा तेव्हा तापला होता, डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. देवळाचं दार निदान दिसे तरी. निंबाखालची ती बसायची जागा त्यांना कुठल्या कुलपाविना बंद होती. अशा घरातल्या एखाद्या पोराच्या हाती हे मशीन पडलं असेल, तर त्याने कुणाची पायरी न चढता आपला चेहरा आपण घडवला असेल. दुसरीकडे वस्तरा हातात धरणाऱ्यांनीही एकदा नाही म्हणून दाखवलं आहे: १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हत्यार खाली ठेवणं हाही कारागिराचा हक्क असतो. आणि तिसरी बाजू अशी की घरोघर मशीन आलं तसं म्हालीबुवांच्या पोत्यातली ज्वारी आटत गेली. त्यांचे नातू आता अमरावतीत खुर्च्यांचं सलून चालवतात. नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवतात आणि गिऱ्हाइकाला दाखवून मगच गालाला लावतात. जुना पाजळलेला वस्तरा, तो पट्ट्यावर फटाफट पलटवणं, हे सगळं गेलं. हळहळ वाटावी असं त्यात काही आहे, काही नाही.

असो. भिंगाखालचा इतिहास मला दाढी करू देत नव्हता. मी मशीन दुरुस्त करायचं ठरवलं.

आधी डोकं. त्याच्या सांध्यांत हिरवं चढलं होतं आणि खाचांत पांढरा, दगडासारखा थर. हा थर ओळखायला खारपाणपट्टा पाहिलेला असावा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. आमचं दर्यापूरकडचं गाव त्यातच, मूर्तिजापूरचाही पुष्कळ भाग त्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला रुसते, आणि साबण लावला तर फेसाऐवजी हाताला पांढरा चिकटा येतो, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणालाच धरून बसतं. आई सांगते, आजोबा दाढीपुरतं पावसाचं पाणी टिनावरून घागरीत धरून ठेवत. मशीन मात्र विहिरीच्या पाण्यात खळबळत. म्हणून गाल सुखी आणि मशीनला चुना.

कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, एवढ्याने अर्धं काम झालं. उरलेल्या थरावर लिंबाच्या रसात भिजवलेला कापसाचा बोळा, थर असेल तिथेच, मिनिटभर, की लगेच धुऊन कोरडं करायचं. आंबट जास्त वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त आधी सुटतं आणि धातू तांबूस, भुसभुशीत होतो. चिंच, राख, रांगोळी, पितळेला आपण जे जे लावतो ते सगळं इथे वर्ज्य. वर निकेलचा मुलामा आहे आणि तो फार पातळ. दिवाळीच्या आधी देवाच्या समईवर आईचा हात जसा फिरतो तसा दोनदा फिरला की खालचं पिवळं उघडं पडलंच.

एका जागी ते आधीच उघडं होतं. टोपीच्या दोन आखूड बाजू बोटांत धरून दांडा आवळायचा असतो. त्यातल्या एका बाजूवर आजोबांच्या अंगठ्याने मुलामा खाल्ला होता, शेंगदाण्याएवढा पिवळा डाग. अकोल्यात नवा मुलामा चढवून देणारे आहेत. मी दिला नाही. हेळसांडीने जे आलं ते काढायचं, वापराने जे गेलं ते तसंच राहू द्यायचं, असा मी माझ्यापुरता कायदा केला. चावलेल्या आट्यांनाही त्यात माफी मिळाली.

मग लाकडाचा प्रश्न. मेळघाटचा साग हाताशी होता, पण सागाचं काय, तो कपाटालाही चालतो आणि पाटालाही. मऊपणाने कुठेही नांदतो. शिसव देखणं, आणि म्हणूनच जो तो शिसव घेतो. आमच्या गोठ्यात वडिलांचा वखर उभा होता. बैल विकले, ट्रॅक्टर आला, तेव्हापासून तो कोंबड्यांची बसायची जागा झालेला. त्याचं रुमणं, म्हणजे हातात धरायचा दांडा, बाभळीचं. बांधावरची बाभूळ पाडून काही महिने नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवत, मग तिला कीड कमी लागे. तरी या रुमण्याच्या कडेचं पांढरं लाकूड घुणाने पोखरलं होतंच. आतलं लाल गाभ्याचं मात्र शाबूत, आणि वरची मूठ वर्षानुवर्षांच्या घामाने तेल दिल्यासारखी गुळगुळीत. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "कापून ने. जळतनात गेलं असतं." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, म्हण करणाऱ्याने बाभळीची बाजू ऐकून घेतलेली दिसत नाही. वखराला, तिफणीला, बंडीच्या चाकाला लाकूड पुरवून, शेवटी चुलीत जाणाऱ्या झाडावर फितुरीचा आळ कशाला?

मुठीचा तो तुकडा घेऊन अकोल्याला गेलो. जिनांच्या दुरुस्तीची कामं करणारं एक लेथचं दुकान मामांच्या ओळखीचं. तिथले भाऊ सत्तरीला टेकलेले, चष्मा कपाळावर, हात कायम काळे. टोपी त्यांनी दोन बोटांत धरली, व्हर्नियरने खिळा मोजला, मग आट्यांवर पात्यांचं गेज एकेक लावून पाहिलं.

"इंचात बत्तीस आटे. जुनं अमेरिकन माप हाय. याचा टॅप मायापाशी नाई."

"मग?"

"पाचचा लावतो. वाईच ढिल्ला वाटीन. पण धरीन."

हिशेब त्यांचा चोख होता. जुना खिळा ४.८३ मिलिमीटर जाड, दोन आट्यांतलं अंतर ०.७९४, आजच्या एम-फाइव्हचं माप ५ आणि अंतर ०.८. सहा मिलिमीटर खोलीत अंतराचा हा फरक साचून केसाएवढाही होत नाही. आजोबांनी लहान नट जोराने चढवला, भाऊंनी किंचित मोठा टॅप निवडला. आटे खाऊन टाकण्यापेक्षा थोडं सैल बरं, हे सत्तर वर्षांच्या हाताला सांगावं लागत नाही. लाकडात थेट आटे पाडले तर पाण्याने फुगून ते महिन्यात गळतील, म्हणून आधी पितळी बुश. सळईचा तुकडा चकात धरून ४.२चं भोक पाडलं, टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, चुरा झटकायचा, पुन्हा पुढे. बाहेरून गोल खाचा पाडल्या, चिकटवायच्या लांबीला धरायला जागा हवी म्हणून. स्टीलचा बुश स्वस्त पडला असता. पण बाभळीत टॅनिन असतं आणि ओलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळंभोर होतं. ओल्या हाताने कानस धरली तिथे लाकडावर लगेच शाईसारखे डाग उमटले. पूर्वी शाई अशीच तर करत.

लाकूड लेथवर लावलं तेव्हा भाऊंनी तोंडाला रुमाल बांधला. लालसर, आंबूस वासाची भुकटी लोखंडाच्या किसावर पडत होती. "कायचं लाकूड म्हणालात?" मी सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला. "रुमणं हाय काय! मंग ही बाजू राहू द्या भाऊ. इथं हात लागला हाय कोनाचा तरी." म्हणजे वडिलांच्या मुठीने गुळगुळीत झालेली एक कड. गोल दांड्यात ती ठेवायची तर दांडा पूर्ण गोल होणार नाही. भाऊंनी तो किंचित आडवा धरून असा काढला की एका अंगाला मूळचा जुना पृष्ठभाग, बोटाच्या रुंदीचा, तसाच राहिला. माझा कायदा मी त्यांना सांगितलेला नव्हता.

पुढचं घासकाम घरी. कानस, मग १२०चा, २२०चा, ४००चा पॉलिशपेपर. मधे एकदा ओला हात फिरवायचा. लाकडाचे तंतू उभे राहतात, वाळले की पुन्हा घासायचे, नाहीतर पहिल्याच दाढीला दांडा खरखरीत होतो. वर लाखेचं पॉलिश सुंदर दिसलं असतं, पण गरम पाण्याने लाख पांढरी पडते. म्हणून जवसाचं तेल. वऱ्हाडात जवस म्हणजे चटणी, पण हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या अंगात भिनून राहतं. घाईच्या माणसाचं हे काम नाही. एक पातळ हात द्यायचा, पुसून काढायचा, आठवडाभर विसरायचं, मग पुढचा. तेलाने भिजलेला बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तो आतल्या आत तापतो आणि आपोआप पेटतो. तेलकट कापसाने काय होतं हे जिनाच्या गावात वेगळं सांगायला नको.

तयार झाला तेव्हा दांडा बुशासकट पंधरा-सोळा ग्रॅमचा भरला. तेवढाच भरीव पितळेचा असता तर ऐंशीच्या पुढे गेला असता. बाजारात हल्ली जड दांड्याची फॅशन आहे. हातात घेतला की दमदार वाटतो म्हणतात. मला उलट अनुभव आला. दांडा हलका असला की सगळं वजन डोक्यात राहतं, आणि डोक्याच्या वजनाने पातं आपणहून गालावर टेकतं. हाताने नुसता तिरका कोन सांभाळायचा, रेटायचं नाही. रेटलं की रक्त. वखरही असाच चालतो. पास मातीत आपल्या वजनाने धरते, रुमण्यावर हात असतो तो दिशेपुरता. नवखा गडी जोर देतो आणि तास वाकडं जातं. वडिलांनी मशीन हातात घेऊन पाहिलं, जुन्या कडेवर अंगठा ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बारकं केलं लेका तुनं रुमणं."

मूर्तिजापूरहून बनोसा, म्हणजे दर्यापूर, गाठून अचलपूरला जाणारी शकुंतला ही गाडी ज्यांना आठवते, त्यांना तिचं वाफेचं इंजिनही आठवत असेल. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं, ते १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षांत त्यातलं मँचेस्टरचं किती राहिलं असेल? मूर्तिजापूरच्या फिटरांनी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला असेल असं वाटत नाही. त्यांना सकाळची गाडी काढायची असे. आजोबाही त्याच गावात राहिले, आणि दांडा गेला तेव्हा त्यांनी हळहळ न करता रेडिओ उघडला.

स्नेह्यांकडे मशीन नेलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, काम चांगलं झाल्याचं मान्य केलं, पण आता हे तुमच्या आजोबांचं राहिलं नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, "तो वेळू टाकला की काय?" टाकला नव्हता. तारेसकट, नटासकट बेकेलाइटच्या डबीत होता. त्यांचे डोळे चमकले. "तुम्हाला तर आता लागत नाही. मला द्या." मी देऊन टाकला. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा कपाटात दोन बंद घड्याळांच्या मधे तो ठेवलेला दिसला, खाली सुबक अक्षरात चिठ्ठी: जिलेट रेझर, मूळ दांडा.